एकट्याने जपान: देवळं पाचला बंद, मग जेवायचं कुठे?

मागच्या अंकात याच सदरात जपानला एकट्याने फिरण्यावर दोन पानं लिहिली होती, क्योटो, नारा, कोयासान अशी देवळं बघत आणि वाटेत खात. त्यावर नाशिकमधून भरपूर पत्रं आली, गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तोच, की खायचं काय. त्यातली काही पत्रं इथे घेतलीत, नावं गाळलीत आणि मजकूर जरा कापलाय. व्हिसा आणि विमानाचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते तुमचा एजंट माझ्यापेक्षा बरं सांगेल.

बँकेतून रिटायर झालेय, वय ६१. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलगा म्हणतो ग्रुप टूरने जा, बरोबर महाराज असतो, पोळीभाजी मिळते. पण तिथे वीस मिनिटांत बघा आणि बसमध्ये बसा असं असतं, मला देवळं निवांत बघायचीत. एकटी गेले तर उपाशी राहीन का? (इंदिरानगर)

ताई, उपाशी राहणार नाही, पण पहिले दोन दिवस चिडचिड होईल हे धरूनच चला. चिकन-मटण तिकडे डोळ्यांना दिसतं, म्हणून टाळता येतं. घोळ होतो तो न दिसणाऱ्या माशाचा. दाशी म्हणून एक पाणी असतं, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि बोनितो मासा वाळवून त्याचा पातळ कीस, त्याला कात्सुओबुशी म्हणतात, हे गरम पाण्यात टाकून गाळून घेतलेलं, आणि ते अक्षरशः सगळीकडे असतं, मिसो सूपमध्ये, उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्शात, शिजवलेल्या भाजीत, टेम्पुरा म्हणजे तिकडच्या भज्यांबरोबर येणाऱ्या सॉसमध्ये. तुम्ही व्हेज म्हणालात आणि वेटरने हसून मान डोलावली तरी त्याच्या हिशोबाने त्यात मांसाचा तुकडा नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणून व्हेज का असं मोघम विचारायचं नाही, कात्सुओ आहे का असं नाव घेऊन विचारायचं. कोंबूची किंवा शिताके मशरूमची दाशीही असते, ती तुम्हाला चालेल.

पाकिटबंद वस्तूंवर फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं, ते सगळे करतात, पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाकिटावर अ‍ॅलर्जीची जी यादी सक्तीने छापावी लागते त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे आहेत, मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. त्यामुळे फक्त ती यादी बघून निर्धास्त होऊ नका, सगळे घटक वाचा.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी पुढच्या बऱ्याच उत्तरांत उगाळणार आहे. तुम्ही ज्यासाठी जाताय तिथेच तुमच्या जेवणाची सोय आहे. बौद्ध मठांचं जे जेवण असतं, शोजिन र्योरी, त्यात मांस नाही, मासा नाही, अंडं नाही आणि पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही नाही, चातुर्मास पाळणाऱ्याला बिनधास्त चालेल. दोगेन नावाच्या झेन आचार्यांनी तेराव्या शतकात मठाच्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहून ठेवल्यात, तांदूळ कसे निवडायचे, धुताना एक दाणाही कसा वाया जाऊ द्यायचा नाही इथपर्यंत, कारण मठात स्वयंपाक हीसुद्धा साधनाच धरतात. क्योटोच्या पश्चिमेला आराशियामामध्ये तेनर्यूजी आहे, १३३९ सालचं, त्याच्या आवारातच शिगेत्सु नावाचं शोजिन जेवणाचं ठिकाण आहे. लाल लाखेच्या ताटवाट्यांत तिळाचा तोफू, युबा म्हणजे सोयादुधाची साय, हंगामाची भाजी, लोणचं, भात, असं थोडं थोडं येतं. फक्त दुपारी असतं, आधी बुकिंग करा, साडेतीन-चार हजार येनपासून पुढे जातं आणि बागेचं तिकीट वेगळं. महाग वाटेल पण दिवसाचं मुख्य जेवण तेच समजा. दायतोकुजीच्या आवारात इझुसेन आहे, तेही याच पद्धतीचं. नानझेनजीच्या आसपास युदोफू मिळतो, गरम पाण्यात कोंबू घालून त्यात तोफू, पण बरोबरच्या सॉसमध्ये कात्सुओ असू शकतो म्हणून तिथे परत विचारा.

म्हणजे दुपारी देवळाजवळ नीट बसून जेवायचं आणि रात्री हलकं. रात्रीसाठी कोनबिनी, म्हणजे सेव्हन इलेव्हन, लॉसन, फॅमिली मार्ट, कोपऱ्याकोपऱ्यावर आणि बरीचशी चोवीस तास उघडी. तिथे नुसता मिठाचा किंवा आंबट उमेबोशीचा (खारवलेलं आंबट फळ) ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, केळी, दही, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, शिवाय शिजवलेल्या भाताची डबी मिळते, बऱ्याच हॉटेलांत मजल्यावर मायक्रोवेव्ह असतो. तुम्ही फक्त मेतकूट, कोरडी चटणी आणि तुपाची छोटी बाटली न्या. मटणाचे-चिकनचे पदार्थ आणि ताजी फळं-पानं न्यायची नाहीत, अगदी कढीपत्त्याच्या दोन काड्यासुद्धा नकोत, तिकडे विमानतळावर तपासतात.

मुलाला सांगा, महाराज बरोबर नसला तरी चालतंय.

माझी संकष्टी असते आणि नेमकी ती ट्रिपमध्ये येतेय. हसू नका. (पंचवटी)

हसत नाही. रताळं! थंडीच्या दिवसात कोनबिनीत आणि सुपरमार्केटच्या दाराशी गरम भाजलेलं रताळं मिळतं, याकी-इमो, इतकं गोड असतं की वर साखरही नको. केळी, दूध, दही आहेच. चंद्रोदय तिथल्या वेळेने बघा, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.

मी रील्स बघून ३४ देवळांची लिस्ट केलीये, क्योटोला चार दिवस आहेत. रूट कसा लावू? (कॉलेज रोड)

मित्रा, लिस्ट अर्धी कर, मग परत अर्धी कर. चार दिवसांत ३४ म्हणजे तू देवळं बघणार नाहीस, गेट बघशील. क्योटोतली बरीचशी देवळं साडेचार-पाचला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी, हिवाळ्यात अजून लवकर, आणि लोक काय करतात तर हॉटेलचा नाश्ता नऊपर्यंत ओढतात, दहाला बाहेर पडतात, बससाठी रांग, दोन देवळं होतात तोवर जेवायची वेळ, आणि चारला कळतं की दिवस संपला. त्याऐवजी दिवस लवकर सुरू कर. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. त्याचा तो लाकडी सज्जा, जमिनीपासून साधारण १३ मीटर उंच, खालचे खांब-तुळया खिळे न मारता एकमेकांत अडकवलेल्या, आत्ताची इमारत १६३३ सालची. साडेसहाला तिथे म्हाताऱ्या आज्या-आजोबा फिरायला आलेले असतात, नऊनंतर मात्र चालायला जागा नसते. फुशिमी इनारी तर चोवीस तास उघडं आणि फुकट.

इनारीला जाऊन पहिल्या शंभर कमानींत फोटो काढून परत फिरू नकोस, सगळे तेच करतात. हजारो तोरी, म्हणजे त्या कमानी आहेत, प्रत्येकीच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं किंवा कंपनीचं नाव असतं, कारण इनारी हा आधी भाताच्या पिकाचा आणि मग धंद्याच्या बरकतीचा देव, देवस्थान ७११ सालचं मानतात. वर चढत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत गर्दी गळते, २३३ मीटरचा डोंगर आहे, रामशेज चढणाऱ्या पोराला काहीच नाही, पूर्ण फेरीला दोन-तीन तास धर. खाली उतरलास की पायथ्याच्या दुकानांत इनारीझुशी खा, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेला, कोल्ह्यांना तळलेला तोफू आवडतो आणि कोल्हा हा इनारीचा दूत म्हणून देवाच्या दारात हा पदार्थ. तोफू बहुतेक वेळा दाशीत शिजवलेला असतो, तू खात असशील तर प्रश्न नाही.

रूटचं म्हणशील तर एक दिवस एक दिशा. पूर्वेला कियोमिझु आणि सानजुसानगेनदो, वायव्येला किनकाकुजी आणि र्योआनजी, पश्चिमेला आराशियामा, दक्षिणेला इनारी आणि त्याच जेआर (जपान रेल्वे) लाइनने पुढे नारा. किनकाकुजी, म्हणजे ते सोन्याचं, आत जाता येत नाही, तळ्याच्या कडेने बघत बघत बाहेर पडायचं, अर्ध्या तासात होतं, शिवाय मूळ इमारत १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळली आणि आत्ताची १९५५ ची आहे. माझं वैयक्तिक मत विचारशील तर ते रद्द झालं तरी रडू नकोस. सानजुसानगेनदो मात्र सोडू नकोस, का ते पुढच्या उत्तरात.

तिकडे आपला गणपती आहे असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. खरं की फॉरवर्ड? (पंचवटी, काळाराम मंदिराजवळ)

काका, खरं आहे, पण फॉरवर्डमध्ये जे फोटो येतात तसा उघड्यावर दर्शन देणारा गणपती शोधत गेलात तर निराश व्हाल. त्याला तिकडे कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद देव्हाऱ्यात असते, भक्तांना दिसतच नाही. टोकियोत आसाकुसाला सेनसोजीजवळ सुमिदा नदीच्या बाजूला मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथे त्याला मुळा वाहतात. हो, दुर्वा नाहीत, चांगला हातभर पांढरा मुळा, देवळातच विकत मिळतो, आणि भिंतींवर, पायऱ्यांवर सगळीकडे दोन मुळ्यांचं चिन्ह कोरलेलं. सेनसोजीला मुंगीला वाट नसते आणि दहा मिनिटांवरच्या या देवळात आरामात बसता येतं.

आणि त्याचा नैवेद्य! क्योटोत गिओनजवळ कामेया कियोनागा म्हणून जुनं मिठाईचं दुकान आहे, तिथे कांकिदान मिळतं, कणकेच्या पारीत लाल बीन्सचं सारण आणि मसाल्याची पूड घालून वर चुण्या घेऊन तोंड मिटवलेलं आणि तिळाच्या तेलात तळलेलं. हातात घेतलं की तळलेला मोदकच वाटतो. जरा कडक असतो, बाहेरचं कवच तोडायला दात लागतात, आणि वास देवळातल्या धुपासारखा येतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही, मला आवडला. शाकाहाऱ्यांसाठी एवढी सरळ गोष्ट तिकडे क्वचित मिळते.

बाकीचे देव सानजुसानगेनदोला भेटतील. साधारण १२० मीटर लांबीचा एकच लाकडी हॉल, १२६६ मध्ये परत बांधलेला, आत सहस्रभुज कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्ती, मधली मोठी बसलेली आणि बाकीच्या हजार रांगेने उभ्या, आणि त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता, त्यात ब्रह्मा आहे, इंद्र आहे, आणि पंख असलेला चोचीचा गरुड आहे जो चक्क बासरी वाजवतोय. आत फोटो काढू देत नाहीत, फार बरं करतात. क्योटोतल्याच तोजी देवळात इंद्र हत्तीवर बसलेला दिसेल, तिथे महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो, जुनी भांडी, कपडे, खायचे स्टॉल, तारीख जुळवता आली तर जुळवा. सरस्वती बेनझायतेन नावाने हातात वीणेसारखं वाद्य घेऊन तळ्याकाठी असते, टोकियोच्या उएनोतल्या तळ्यात बेटावर तिचं देऊळ आहे.

नाराला गेलात तर तोदाईजीच्या बुद्धासमोर एक गोष्ट आठवा, साधारण १५ मीटरची ती ब्राँझची मूर्ती, ७५२ साली तिचे डोळे उघडण्याचा विधी झाला तेव्हा हातात कुंचला धरला होता तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. तो ७३६ साली जपानला पोचला होता.

देऊळ आणि श्राइन यात फरक काय, आणि टाळ्या कुठे वाजवायच्या? चप्पल? (सातपूर)

तोरी कमान दिसली की शिंतो, तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडायचे, परत एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळी नाही, नुसते हात जोडा. दारातल्या पाण्याने आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने तोंड, पळी थेट तोंडाला लावायची नाही. बूट आत लाकडी फरशीवर जाताना काढायचे, म्हणून लेसचे बूट नेऊ नका आणि मोजे भोक नसलेले न्या, दिवसातून सातआठ वेळा लोकांना दिसणार आहेत. देवळाच्या शिक्क्यांची (गोशुइन) वही, गोशुइनचो, घ्यायची असेल तर पहिल्याच देवळात घ्या, साध्या वहीत देत नाहीत, आणि आधी दर्शन मग शिक्का.

कोयासानला मठात राहायचं आहे. एकट्या बाईला देतात का खोली? आणि ती कॉमन आंघोळ... (गंगापूर रोड)

देतात, पण सगळे मठ एका माणसाचं बुकिंग घेत नाहीत, आणि जे घेतात ते एकट्याचे थोडे जास्त लावतात, रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून १२ ते २० हजार येनची तयारी ठेवा. डोंगरावर पन्नासेक मठांत राहायची सोय आहे, कूकाई नावाच्या आचार्यांनी ८१६ मध्ये स्थापन केलेली ही जागा. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, मग बस. हे सगळं दोन तासांत होतं पण दुपारी तीन-चारपर्यंत पोचा, कारण संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण येतं आणि ते कोणासाठी थांबत नाही. जेवण शोजिनच, कोया-दोफू म्हणजे गोठवून वाळवलेला तोफू इथलाच. खोलीला तातामी म्हणजे गवती चटयांची जमीन, सरकती कागदी दारं, कुलूप असेलच असं नाही, तरी मला काही भीतीचं वाटलं नाही, शेजारच्या खोलीतलं घोरणं मात्र ऐकू येतं. पहाटे सहा-साडेसहाला पूजा. काही मठांत रोज होम असतो, गोमा म्हणतात, मंत्र आणि समिधा आणि ज्वाळा, तुम्हाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आंघोळीचं: बायका-पुरुष वेगळे असतात किंवा वेळा वेगळ्या. स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ अंघोळ करायची आणि मग कपड्याशिवाय गरम पाण्यात बसायचं, पोहण्याचा ड्रेस चालत नाही. पहिल्यांदा अवघड जातं, पण कोणी कोणाकडे बघत नसतं. अगदीच नको असेल तर रात्री उशिरा जा, तेव्हा बहुतेक रिकामं असतं.

तुम्ही बाई म्हणून विचारलंत म्हणून एक सांगते, या डोंगरावर शेकडो वर्षं बायकांना प्रवेशच नव्हता. १८७२ मध्ये सरकारने अशा बंद्या उठवल्या. बायका ज्या नाक्यावर थांबून प्रार्थना करायच्या ते न्योनिनदो अजून उभं आहे, बस त्याच्या बाजूने जाते. बहुतेक लोक उतरत नाहीत. तुम्ही उतरा.

आणि सकाळी ओकुनोइनला जा, दोन लाखांहून जास्त थडग्यांमधून जाणारी दगडी वाट, दोन्ही बाजूंना सरळ उंच सीडार. कूकाई ८३५ मध्ये वारले असं तिथे मानतच नाहीत, समाधीत बसलेत असं मानतात, त्यामुळे त्यांना रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू लाकडी पेटीत ते घेऊन जातात आणि आधी चव बघणाऱ्या जिझो नावाच्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीसमोर ठेवतात, मग पूल ओलांडून पुढे. साडेदहाची वेळ गाठणं सोपं आहे. पुलापलीकडे फोटो बंद.

नाशकात एवढी देवळं आहेत, त्र्यंबकेश्वर आहे, वणी आहे, ती नीट बघितली का तुम्ही? जपान कशाला? (नाव न दिलेलं पत्र, अक्षर मात्र सुंदर)

बघितलीत की. आणि तुम्ही पांडवलेणी शेवटची कधी चढलात, शाळेच्या सहलीत? तिथे १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना (तेव्हाची नाणी) शेत विकत घेऊन दिल्याचं कोरलंय, कशासाठी तर लेण्यात राहणाऱ्या सगळ्या भिक्खूंच्या जेवणासाठी. त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात विणकरांच्या श्रेणीकडे (संघटनेकडे) ठेव ठेवून व्याजातून चीवरांची, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांची सोय. म्हणजे मठाची चूल कोण पेटवणार हा हिशोब महामार्गालगतच्या आपल्या डोंगरात दगडात कोरून ठेवलेला आहे. चूल मात्र आपल्याकडे विझली आणि कोयासानवर अजून पेटते, ती बघायला विमान लागतं त्याला मी काय करू.

मी सगळं खातो, हे शाकाहारी पुराण पुरे. एकट्याने हॉटेलात बसायला ऑड वाटतं का? (देवळाली कॅम्प)

अजिबात नाही, एकट्याने खायला जपानइतका सोपा देश मी पाहिलेला नाही. काउंटरच्या खुर्च्या एकट्यासाठीच असतात. बऱ्याच रामेनच्या (रश्शातल्या नूडल्सच्या) दुकानांत दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकून कुपन घ्यायचं, आत देऊन बसायचं, गप्प खायचं, सुर्रकन आवाज केला तरी चालतो, उठायचं. टिप नाही. ओसाकाला ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपस घातलेले गोळे आणि ओकोनोमियाकी म्हणजे कोबीचं जाड धिरडं, हिरोशिमाला गेलास तर तिकडची नूडल्सचा थर घातलेली ओकोनोमियाकी वेगळी, क्योटोला निशिन सोबा, म्हणजे सोब्यावर गोडसर शिजवलेला हेरिंग माशाचा मोठा तुकडा. टोकियोत घाऊक मासळी बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला पण त्सुकिजीचा बाहेरचा बाजार आहे तिथेच आहे, सकाळी जा, दुपारी आवरतात. क्योटोच्या निशिकी मार्केटमध्ये चालत चालत खायचं नाही, दुकानासमोर उभं राहून संपवायचं आणि काडी त्यांनाच परत द्यायची, रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस, ते तिकडे मयताचं.

खर्च आणि रेल्वे पास? (नाशिकरोड, सिन्नर फाटा, सिडको, अजून बरेच)

येन साधारण ६० पैशांच्या आतबाहेर धरा. बहुतेक देवळांचं तिकीट ५०० ते १००० येन, दिवसाला तीन देवळं म्हटलं तरी हजार-पंधराशे रुपये तिथेच जातात. सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला, आणि टोकियो-क्योटो शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनचं तिकीट एका बाजूचं साधारण १४,००० ला पडतं, त्यामुळे नुसतं टोकियो-क्योटो करणाऱ्याला पास परवडत नाही. टोकियोत उतरा आणि ओसाकावरून परत या, परतीचं भाडं वाचतं. शहरातल्या ट्रेन-बससाठी पैसे भरून वापरायचं सुइका किंवा इकोका कार्ड घ्या. देवळांत रोख ठेवा, तिकीट, मुळा, शिक्का, सगळं रोख, सेव्हन इलेव्हनच्या एटीएममध्ये आपली इंटरनॅशनल कार्डं चालतात. मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवा, टोकियोची बॅग दुसऱ्या दिवशी क्योटोला पोचते, कारण देवळांच्या पायऱ्या आणि बॅगेची चाकं यांचं जमत नाही. कोयासानला फक्त पाठीवरची सॅक न्या, आणि एप्रिलमध्येही स्वेटर, वर ८०० मीटरवर संध्याकाळी गारठा असतो.